‘पाणी वाढवा, जिप्सम टाका, जीए फवारा’ : खारवट जमिनीच्या सल्ल्यात काय चुकतं

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: “खारवट जमिनीत पिकाला तहान लागते, बाकी काही नाही. पाणी वाढवा, जिप्सम टाका, वरून जिबरेलिक आम्ल (जीए, झाडाची वाढ वाढवणारं संप्रेरक) फवारा. पान हिरवं आहे तोवर काळजी नको.” यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचं सगळं खपून जातं.

“फक्त तहान.” सुरुवात तहानेनंच होते. संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युत वाहकता (त्यातल्या क्षारांचं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटर झाली की जमीन खारवट धरतात. म्हणजे सुमारे 40 मिलीमोलर मिठाचं पाणी, आणि ते ओढायला मुळांना अंदाजे 0.2 मेगापास्कल जादा ओढ लावावी लागते. नव्या पानांची वाढ काही मिनिटांतच मंदावते. दुसरा मार सावकाश बसतो. पाण्याबरोबर सोडियम पानात चढतो. पाणी उडून जातं, तो तिथेच साठतो. म्हणून आधी जुनी पानं टोकाकडून आणि कडांनी करपतात. पेशीतल्या 50 हून अधिक विकरांना (एन्झाइमना) पोटॅशियम लागतं. सोडियम त्याची जागा अडवतो, काम मात्र करत नाही. पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) त्याला कोंडायची सोय संपली की पान मरतं. मेलेलं पान पाण्यानं परत येत नाही.

“पान हिरवं, तर पीक ठीक.” ही ओळ सर्वांत घातक. खारात पान लहान आणि जाड होतं, हरितद्रव्य तेवढ्याच जागेत दाटतं, आणि पान उलट जास्तच गडद दिसू शकतं. दर चौरस सेंटीमीटरचं प्रकाशसंश्लेषण सुरुवातीला फारसं पडलेलं नसतंही. पडलेलं असतं पानांचं एकूण क्षेत्र. पुढे ॲबसिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढून पर्णरंध्रं मिटतात. कर्बवायू कमी येतो, ऊन मात्र तेवढंच. न खपलेली ऊर्जा ऑक्सिजनवर जाते, सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि हरितलवकातली पटलं खराब होतात. पिवळेपणा दिसतो तो यानंतर. त्यामुळे रंग पाहू नका. नव्या पानाची रुंदी आणि पेराची लांबी चांगल्या जागेतल्या झाडाशी ताडून पाहा.

“जीए फवारा.” खारात झाड स्वतःच जिबरेलिन घटवतं. मग वाढ रोखणारी डेला प्रथिनं टिकून राहतात. हा बिघाड नाही, बचाव आहे: ही प्रथिनं नसलेली ॲराबिडोप्सिसची (प्रयोगशाळेत वापरतात त्या छोट्या वनस्पतीची) रोपं खारात जास्त मरतात. जीएच्या द्रावणात बी भिजवून उगवण सुधारल्याचे प्रयोग आहेत, पण ती बियाण्याची गोष्ट. उभ्या पिकात मुळाशी मीठ तसंच ठेवून वरून वाढ रेटणं म्हणजे पानांची मागणी वाढवणं, पुरवठा नाही.

“जिप्सम टाका.” चोपण जमिनीत, म्हणजे विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम 15 टक्क्यांवर असेल तर, जरूर. मातीच्या 100 ग्रॅमला 1 मिलीइक्विव्हॅलंट (माती तपासणीतलं एकक) सोडियम हटवायला वरच्या 15 सेंटीमीटरसाठी हेक्टरी सुमारे 1.9 टन शुद्ध जिप्सम लागतं. जमीन नुसती खारवट असेल, तर जिप्सम हा आणखी एक क्षारच. आधी सामू, वाहकता आणि विनिमययोग्य सोडियम तपासा.

“पाणी वाढवा.” कोणतं पाणी? वाहकता 1 (इथून पुढे सगळे आकडे डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) असलेल्या लिटरभर पाण्यात ढोबळ 640 मिलिग्रॅम क्षार असतात. 10 सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी 640 किलो क्षार शेतात. धुवायचे असतील तर पाणी मुळांखाली उतरून बाहेर पडायला हवं. किती जादा, याचा हिशोब असा: पाण्याची वाहकता भागिले, पिकाला सोसणाऱ्या मातीच्या वाहकतेची पाचपट वजा पाण्याची वाहकता. पाणी 1.5 आणि टोमॅटोची मर्यादा 2.5 धरली, तर 1.5 भागिले 11, म्हणजे मुळांखाली उतरणाऱ्या पाण्याचा वाटा 14 टक्के. निचरा नसेल तर हेच पाणी भूजल वर आणतं, ते केशाकर्षणानं पृष्ठभागाशी येऊन उडतं आणि पांढरा थर मागे ठेवतं. अशा शेतात आधी चर काढा, मग पाणी सोडा. तोवर मातीची वाहकता 1 च्या पुढे गेली की उत्पादन घटू लागणाऱ्या घेवड्याऐवजी 8 पर्यंत तग धरणारं बार्ली घ्या.