नवतप्यातला काळा पडदा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू असताना नागपुरात शहाण्या माणसाने भर दुपारी दोन गोष्टी करू नयेत: बर्डीवर बाजारात जाऊ नये आणि संगणकाच्या अपडेटचे बटण दाबू नये. पहिली मी टाळली. दुसरी उरकून कूलरमध्ये पाणी भरायला गेलो आणि परत येऊन पाहतो तो पडदा अमावास्येसारखा काळा. कोपऱ्यात पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

माझ्या संगणकावरच्या लिनक्स या प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, नवा आला होता, पण पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, एनव्हीडिया कंपनीचा, कुलूपबंद: आतले लिखाण कोणाला दिसत नाही. त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. ते बांधले गेले नव्हते, म्हणून पडदा काळा.

"मामाजी, काहून त्या बंद ड्रायव्हरच्या नादी लागून राहिले? नूवो टाका ना," भाचा म्हणाला.

नूवो म्हणजे कार्डाच्या वागण्यावरून अंदाज बांधत लिहिलेला खुला ड्रायव्हर. २०१० पासून तो कर्नलमध्येच असतो. तत्त्व मला पटले, कारण आमचा कूलरही तसाच आहे: वाळ्याची ताटी आपणच बदलावी, पंप अडकला तर आपणच पेचकस घेऊन बसावे.

नूवोने पडदा उजळला, पण घरातला आनंद पुतणीच्या वरातीचा फोर-के व्हिडिओ लावेपर्यंतच टिकला. माझे कार्ड २०१६ च्या पिढीचे. त्याचा वेग वाढवायला कंपनीची डिजिटल सही असलेले फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, लागते आणि ते नूवोला मिळालेले नसल्यामुळे कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच बसून राहते. त्या चालीने नवरदेव मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त टळला असता. कंपनीने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला खरा, पण २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. वयाची अट ओलांडल्यामुळे नोकरी हुकावी, तसे माझ्या कार्डाचे झाले.

मग पुन्हा कुलूपबंद मार्ग. हे दोन ड्रायव्हर एका कार्डावर नांदत नसल्यामुळे नूवोचे नाव काळ्या यादीत लिहावे लागते. उपकारकर्त्याचे नाव लिहिताना हात जड झाला. मॉड्यूल तरीही बांधले जाईना. रात्री नऊला उलगडा झाला: त्यासाठी कर्नल हेडरच्या, म्हणजे कर्नलशी कसे जुळवून घ्यायचे ते सांगणाऱ्या, फायली लागतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्या आणणारे पॅकेज डिस्कवर जागा करण्याच्या उत्साहात मीच महिन्यापूर्वी काढून टाकले होते.

भाच्याला मी हे अजून सांगितलेले नाही. बायकोला मात्र कळले असावे, कारण हल्ली अपडेटची सूचना दिसली की ती आतून म्हणते, "अहो, आधी कूलर भरा, मग काय ते दाबा."