कुठेतरी मुडपला असेल

पाईपमधून पाणी येत नाहीये असं आमच्या घरात कुणी ओरडलं की बाकीचे सगळे जागचे न हलता एकच वाक्य म्हणतात, "कुठेतरी मुडपला असेल, बघ." आई देवघरातून म्हणते, बायको किचनमधून म्हणते, मुलगी तर कानात हेडफोन असताना म्हणते, तिला ऐकू कसं जातं हा वेगळा विषय. म्हणणारं कुणी बघायला येत नाही. बघायचं मी.

नाशिकला आमचं रो हाऊस आहे, कॉर्नरचं, त्यामुळे एका बाजूला जी काही बोळवजा जागा मिळाली तिला आम्ही पाहुण्यांसमोर बाग म्हणतो. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, थोडं अळू, आणि पार मागच्या कोपऱ्यात बाबांनी लावलेला सोनचाफा. नळ मात्र पुढे, गेटपाशी. म्हणजे बागेचं एक टोक आणि पाण्याचं दुसरं, आणि या दोघांची गाठ घालून द्यायची जबाबदारी त्या हिरव्या पाईपवर.

2013 साली बाबा आणि मी तो स्कूटरवरून आणला. शंभर फुटी म्हणून आणला, पण बंडल असतं 30 मीटरचं, म्हणजे साधारण 98 फूट, तेव्हा हिशेबाला कच्च्या माझ्यासारख्या माणसाचे दीड-दोन फूट घरी पोचायच्या आधीच गेले. तिथून जी गळती लागली ती आजतागायत. कारण पाईपच्या कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, कापा. नळाकडचं तोंड चिरलं, कापा वीतभर. मधे भोक पडलं, तेवढा भाग काढा आणि जॉइंटर घाला. गाडी रिव्हर्स घेताना चाक गेलं (कुणी घेतली ते सांगत नाही, मला इथेच राहायचंय), कापा. एका उन्हाळ्यात कूलर भरायला पाच फूट गेला तो कूलरसोबत बहिणीकडे नांदायला गेला. 2017 मध्ये आईने बादलीची कडी हाताला रुतते म्हणून चार बोटं तुकडा मागितला, मी म्हटलं घे, एवढे गेले त्यात अजून एक. गेल्या वर्षी मोजला तेव्हा 83 भरला. सोनचाफा नळापासून 90 फुटांवर आहे. झाड काही पुढे सरकत नाही.

तर यंदा दिवाळी झाल्यावर एका रविवारी तो बाहेर काढला. जूनपासून पावसाने झाडांची काळजी घेतलेली, त्यामुळे पाईप चार-पाच महिने जिन्याखाली जुन्या कुंड्यांच्या मागे पडून होता. मी ठेवताना नीट वेटोळं करून ठेवला होता, देवाशपथ. काढला तर चकलीचा सोऱ्या बिघडल्यावर जे बाहेर येतं तसा आकार. गाठ मारायला हात लागतात, इथे अंधारात एकट्या पडलेल्या पाईपने तीन गाठी कशा मारून घेतल्या?

यावर खरंच संशोधन झालंय हं. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात रेमर आणि स्मिथ नावाच्या दोघांनी डब्यात दोरी टाकून तो डबा गरागरा फिरवला, हजारो वेळा, आणि काही सेकंदात गाठी पडतात हे दाखवलं, त्याबद्दल 2008 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते, पण मिळालं त्यांना. माझ्याकडे आले असते तर डबा फिरवायचे कष्ट वाचले असते. त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र मला फार दिलासा देणारी सापडली, दोरी साधारण दीड फुटापेक्षा लहान असेल तर तिला गाठच पडत नव्हती म्हणे. आमच्या पाईपची कापाकापी याच वेगाने चालू राहिली तर तो दिवस माझ्या हयातीत येईल असं वाटतं.

गाठी सोडवल्या. मग पीळ. पीळ हा माझाच पराक्रम आहे हे मला फार उशिरा कळलं. आपण पाईप हातावर, कोपर ते पंजा असा गुंडाळतो ना, लोकरीच्या लडीसारखा, आणि मग एक टोक धरून सरळ ओढत निघतो, तेव्हा प्रत्येक वेढ्यागणिक पाईपला एक अख्खा पीळ बसतो. चाळीस वेढे, चाळीस पीळ. तो बिचारा कुठेतरी मुडपून तो पीळ काढणारच. जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ठेवला तर पीळ एकमेकांना मारतात, पण आमच्या बोळात आठ मावत नाही, फार तर एक मावतो.

तर हे सगळं करून पाईप सरळ अंथरला, नळ सोडला, आणि काही नाही. थेंब नाही. "येत नाहीये!" "कुठेतरी मुडपला असेल, बघ." 83 फूट वाकून वाकून बघितलं, कुठेही मुडपलेला नव्हता. परत नळापाशी आलो तर तिथे कारंजं, पाणी पुढे जायचं सोडून नळाच्या आणि पाईपच्या सांध्यातून चारी दिशांना, माझा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला. म्हटलं सापडलं, इथेच घोळ आहे, क्लिप ढिली झालीय.

क्लिप ढिली नव्हती, गंजून दगड झाली होती. स्क्रूला पेचकस लावला, स्क्रूची खाच गेली. पकडीने फिरवला, आटे गेले. शेवटी हेक्सॉ ब्लेडने क्लिप कापली, त्यात अर्धा तास आणि अंगठ्याचं साल. आता पाईप निघेल म्हटलं तर तो नळाला असा चिकटलेला की जणू नळासोबतच ओतलाय. पीव्हीसी मुळात कडकच असतं, त्यात तेलकट पदार्थ मिसळून त्याला मऊ करतात, आणि वर्षानुवर्षं उन्हात पडलं की तो मऊपणा निघून जातो. माणसांचंही तसंच होतं असं आई म्हणाली आणि माझ्याकडेच बघितलं.

एवढ्यात कंपाउंडवरून काकांचं डोकं वर आलं. काका रिटायर आहेत आणि आमच्याकडे काहीही बिघडलं की त्यांना वासाने कळतं. "गरम पाणी ओत," काका म्हणाले. बायकोने पातेलंभर उकळतं पाणी दिलं, ओतलं, पाईप जरा नरमला, मी ओढला, तो निघाला आणि मी अळूत बसलो.

"तोंड वीतभर काप, ताजं तोंड लाव," काका. कापलं. गरम पाण्यात बुडवून नळावर चढवलं, नवी क्लिप बसवेपर्यंत काकांनी सुचवल्याप्रमाणे सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली, ही पट्टी क्लिपपेक्षा जास्त टिकते हे आमच्या गल्लीतलं सर्वमान्य सत्य आहे. नळ सोडला. पाईप नळाजवळ टम्म फुगला, पट्टी फुर्र करून उडाली, आणि या वेळी काकांचा पेपर भिजला.

"प्रेशर नाहीये तुझ्याकडे," पेपर झटकत काका म्हणाले. टाकी गच्चीवर, नळापासून फार तर सात मीटर वर, आणि दहा मीटरला एक किलो प्रेशर हा हिशेब त्यांनी मला समजावला. म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही. मी म्हटलं काका, पाऊण किलोत पट्टी उडाली, तुमचा पेपर भिजला, अजून किती हवंय? यावर ते गप्प बसले. असं वर्षातून एकदाच होतं.

दहा वाजले. ऊन चढलं. आता नुसतं पाणी येऊन उपयोग नव्हता, कारण उन्हात पडलेल्या एवढ्या लांब पाईपच्या पोटात तीन-साडेतीन लिटर पाणी मावतं आणि ते आधी चहासारखं गरम बाहेर येतं. मे महिन्यात मी हे न कळून तुळशीला घातलं होतं, आईने दोन दिवस अबोला धरला. त्यामुळे पहिलं पाणी फरशीवर सोडायचं हा घरचा नियम. पहिलं पाणी आलं तर.

भांड्याच्या मावशी आल्या, चप्पल काढता काढता त्यांनी अंगणातला पसारा बघितला, मी, पातेलं, ब्लेड, पकड, कापलेली टोकं. काही बोलल्या नाहीत. सरळ चालत गेल्या मागच्या टोकाला, जिथे सकाळपासून आमच्यापैकी कुणीही गेलं नव्हतं (मी गेलो होतो, पण मी मुडपलाय का ते बघत होतो), पाईपचं तोंड उचललं आणि म्हणाल्या, "दादा, कुंभारणीनं घर केलंय की."

पूर्ण बंद. गुळगुळीत, लिंपून काढलेलं, गवंडी लावून होणार नाही असं काम. पावसाळाभर ती मातीची घरं बांधणारी माशी, ती बया, जिन्याखाली चिखलाच्या गोळ्या वाहत होती आणि मी तीन तास दुसऱ्या टोकाला युद्ध लढत होतो. काडीने टोकरलं तर भुगा पडला, भुग्यात वाळलेले कोळी, पिल्लांसाठी साठवलेला डबा. पिल्लं कधीच उडून गेली असावीत, एक बारीक भोक होतं. आई बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो. आणि बायकोकडे बघितलं. बायको सेहेचाळीस वर्षांची आहे. तिने हातातलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

माती फार खोलवर होती. अर्थातच, कापा. काकांनी कंपाउंडवरून हात लांब करून खूण करून दिली, आणखी एक फूट गेला. पट्टी परत बांधली, नळ सोडला, पाईपने खोकल्यासारखा आवाज केला, थोडी माती, एक कोळी, आणि मग पाणी. गरम. फरशीवर सोडलं. मग तुळस, जास्वंद, कढीपत्ता. गवती चहाच्या पुढे मी तोंडावर अंगठा दाबून धार लांब मारत गेलो, साल गेलेला अंगठा, झोंबत होता, आणि धार सोनचाफ्याच्या अलीकडे हातभर पडत होती. मागच्या वर्षी पोचायची.

"पोचत नाहीये!" मी ओरडलो.

"कुठेतरी मुडपला असेल, बघ," आतून.

नळ बंद केला. मोरीतून बादली आणली, भरली, उचलली. कडीला हिरवा तुकडा होता, चार बोटांचा. धरून नेली मागच्या कोपऱ्यापर्यंत. म्हणजे तेवढा पाईप अजून सोनचाफ्यापर्यंत पोचतो.