खुर्द्यात भरती चालू आहे

ऑनलाइन खेळात एकट्यादुकट्यानं गुहेत शिरून राक्षस मारायचा तुम्हाला कंटाळा आलाय. आता समोर खरी माणसं हवीत. दोनशे विरुद्ध दोनशे, किल्ल्याची भिंत, आगीचे गोळे, आरोळ्या. ट्रेलर पाहिलाच असेल: कड्यावर एकटा वीर उभा, मागे झगा फडकतोय, खाली मैदानभर सैन्य. तो वीर म्हणजे आपण, असा तुमचा समज झालाय. फार छान. हा समज महिनाभर तरी जपा, कारण गिल्डला, म्हणजे एकत्र लढणाऱ्या खेळाडूंच्या टोळीला, तुमची गरज याच महिन्यात आहे.

मी या युद्धात सहा वर्षं आहे. खेळ कोणता ते विचारू नका. नाव सांगितलं तर आज रात्रीच डाउनलोडला लावाल आणि उद्या तुमची आई माझ्या दारात उभी राहील. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांतून मी एकच किल्ला दीड-दोनशे वेळा जिंकलाय आणि तेवढ्याच वेळा घालवलाय. तेव्हा अनुभवी माणसाचं ऐका.

आधी क्लास, म्हणजे लढाईतलं तुमचं काम. तुम्हाला अंधारातून येऊन पाठीत खंजीर खुपसणारा मारेकरी व्हायचंय, हे गिल्डच्या अधिकाऱ्याला मोकळेपणानं सांगा. तो शांतपणे ऐकून घेईल आणि तुम्हाला हीलर करेल, म्हणजे जखमी सोबत्यांची मलमपट्टी करणारा. गिल्डला हीलर कायम कमी असतात, कारण शहाण्या माणसाला हीलर व्हायचं नसतं. हीलर म्हणजे लग्नाच्या पंगतीतला वाढपी. साडेतीनशे पानं वाढलीत तर कुणी नाव विचारणार नाही, पण एका पानावर आमटी पोचली नाही की सगळा मांडव तुमच्याकडे वळून बघतो. आमच्याकडे हरलेल्या प्रत्येक लढाईचं कारण एकच निघतं: हीलर झोपले होते. हे कारण सांगणारा बहुधा लढाई सुरू होताच शत्रूच्या घोळक्यात एकटा घुसून मेलेला असतो.

झोपेचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. आमच्या गिल्डची बहुतेक मंडळी युरोपातली. त्यांची रात्रीची आठची निवांत वेळ हिवाळ्यात आपल्याकडे साडेबाराला येते. ते जेवून, कॉफी पिऊन बसतात; आपण उशीला पाठ टेकून मोबाइलच्या अलार्मनं दचकतो. अमेरिकेतले शत्रू त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला निघाले, की आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे अंबडच्या कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत असते. भारतात दुपारी तीनला किल्ला घ्यायला निघालात तर समोर कुणीच नसेल. दहा जणांत रिकामा किल्ला घ्याल, झेंडा लावाल, आणि जगभरातून शिव्या खाल, की झोपलेल्यांचा किल्ला घेतलात, लाज नाही वाटत? तेच लोक पहाटे चारला तुमचा किल्ला घेतात तेव्हा त्याला रणनीती म्हणायचं. हा फरक नीट पाठ करा.

आता लॅग, म्हणजे खेळ अडखळणं. नवखे खेळाडू लॅग आला की राउटर बंद-चालू करतात, केबलवाल्याला फोन लावतात, पावसाळा असेल तर पावसाला दोष देतात. असं करू नका, बिचाऱ्याचा दोष नाही. हिशेब साधा आहे. मैदानात दहा जण असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या नऊ जणांना कळवावी लागते: एका वेळी 90 निरोप. शंभर जण आले की 9,900. हजार जण आले की 9,99,000. माणसं शंभरपट झाली, निरोप दहा हजारपटीच्या वर गेले. गावजेवणाला एकच आचारी ठेवून वर प्रत्येक पानाला बाकीच्या सगळ्या पानांवर काय वाढलंय ते सांगत फिर म्हटलं तर तो काय करेल? तेच खेळ चालवणारा सर्व्हर करतो. हात वर करतो.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात यावर एक तोडगा काढला. गर्दी वाढली की खेळातलं घड्याळच हळू करायचं, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत. लोकांनी याला मोठं तंत्रज्ञान म्हणून वाखाणलं. नाशिककराला त्यात नवीन काय? संध्याकाळी सातला द्वारका चौकात गाडी घातली की आपण याच वेगानं जगतो. मुंबई-आग्रा आणि पुणे हे दोन रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात, सगळे हॉर्न देतात, कुणी हलत नाही, आणि तरी प्रत्येकाला वाटतं की आपण चाललोय. तिथे निदान शेंगदाणेवाला तरी येतो.

त्याच खेळातली 27 जानेवारी 2014 ची लढाई तुम्हाला कुणीतरी दिपवायला सांगेलच, म्हणून मीच सांगून टाकतो. ठिकाणाचं नाव बी-आर5आरबी. साडेसात हजारांवर खेळाडू, 21 तास, 75 टायटन, म्हणजे त्या खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, खलास. एकेक टायटन बांधायला महिने जातात. सगळ्या नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या आसपास काढली गेली. आता एवढं रण पेटलं कशावरून? सीता पळवली, की भरसभेत कुणाचा अपमान झाला? छे. त्या तारामंडळाचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि शत्रू आत शिरला. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकला की जिन्याखाली नोटीस लागते, त्यावर कुणीतरी पेनानं मिशा काढतं आणि प्रकरण मिटतं. तिथे 21 तास. वर वेळ दहा टक्क्यांवर आणलेली, म्हणजे दहा तास जागलात तर लढलात एक तास.

त्या लढाईचा इतिहास लिहिला गेला, खेळात तिथे स्मारकही उभं राहिलं. साडेसात हजारांतल्या किती जणांची नावं आठवतात, ते कुणालाही विचारून बघा. इथे मला आपलं पानिपत आठवतं. 1761 मध्ये ती बातमी सांकेतिक भाषेत आली: दोन मोत्यें गळाली, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत मोत्यांची नावं घोकून घेतात. खुर्द्यावर प्रश्न येत नाही. तर मंडळी, ट्रेलरमधला कड्यावरचा तो वीर मोती आहे. भरती चालू आहे ती खुर्द्याची.

मागच्या डिसेंबरातली एक रात्र सांगतो, म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. निफाडचा पारा घसरला होता. (निफाडचा पारा घसरला की नाशिकचा माणूस कुडकुडतो कमी आणि मिरवतो जास्त.) मी अंगावर गोधडी, पायात मोजे, कानाला हेडफोन असा सव्वाबाराला हजर. स्क्रीनवर पाटी: रांगेत तुमचा क्रमांक 88. युद्धात मरायलाही रांग असते, हे ट्रेलरमध्ये दाखवत नाहीत. पस्तीस मिनिटांनी आत गेलो. आमचा सेनापती पोलंडचा. त्याचा हुकूम एकच: सगळ्यांनी आतल्या दरवाजामागे एकाच फरशीवर उभं राहायचं, एकावर एक. साठ जण एका फरशीवर. माझ्या पुढ्यात ज्यानं पैसे मोजून सोनेरी पंख विकत घेतले होते तो उभा. त्यामुळे त्या ऐतिहासिक रात्रीचं मला दिसलेलं दृश्य म्हणजे पिसं. चाळीस मिनिटं पिसं.

मध्ये आई पाणी प्यायला उठली.

“कुणाशी बोलतोयस रे एवढ्या रात्री?”

“आई, किल्ल्यावर हल्ला होतोय.”

“होऊ दे, पण हळू बोल. शेजारचं बाळ आत्ताच झोपलंय.”

दरवाजा फुटला. निदान आवाज तरी तसा आला. समोर शत्रूची नावं उमटली, लाल अक्षरांत, हवेत तरंगणारी. नावांखाली माणसंच नव्हती, ती अजून लोड व्हायची होती. मी मलमपट्टीचं बटण दाबलं. बटण उजळलं आणि तसंच राहिलं. पुन्हा दाबलं. हेडफोनमध्ये सेनापती “हील! हील!” करून ओरडत होता, मग त्याचाही आवाज तुटला आणि रोबोट आजारी पडल्यासारखा येऊ लागला. मी आठ-दहा वेळा बटण बडवलं. पंखवाला अर्ध्या उडीत हवेत थांबला होता. मग स्क्रीनला एक हिसका बसला आणि सगळं एकदम झालं: पंखवाला आडवा, मी आडवा, साठच्या साठ आडवे, आणि आमच्या अंगावरून पुढे गेलेला शत्रू पार आतल्या चौकात. मला कुणी मारलं त्याची यादी खेळ देतो. एकोणीस नावं होती. त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं.

मेल्यावर लांबच्या छावणीत जिवंत व्हायचं, घोडा काढायचा आणि चार मिनिटं दौडत परत यायचं. मी पोचलो तेव्हा बुरुजावर दुसऱ्याचा झेंडा होता आणि मैदानात एक ससा फिरत होता. बक्षिसाच्या पिशवीत 14 नाणी, कच्च्या लोखंडाचा एक तुकडा आणि ‘शूर रक्षक’ ही पदवी निघाली. पदवी तीस दिवसांनी आपोआप जाते. चिलखताच्या दुरुस्तीचं बिल 31 नाणी. ते मात्र आपोआप जात नाही.

तुम्ही म्हणाल, मग झुंडीनं जाऊच नये, छोट्या टोळीनं चलाखीनं खेळावं. जरूर खेळा. पंधरा जणांची देखणी टोळी बांधा, महिनाभर सराव करा, इशारे ठरवा. मग समोरून ऐंशी जणांचा लोंढा येईल, त्यातले निम्मे जेवता जेवता एका हातानं खेळत असतील, आणि तो तुम्हाला न बघता तुमच्यावरून निघून जाईल. आपल्याकडे नाशकात रंगपंचमीला पेशवाईतल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात. तिथे पोहता येणाऱ्याला वेगळी किंमत नसते. वरून धप्पा मारणारा आला की खालचे सगळे भिजतात. फरक एवढाच, की रहाडीत उडी मारणाऱ्याला निदान पाणी दिसतं.

तहाचं राजकारणही थोडं शिकून घ्या. शत्रूचा शत्रू मित्र, मग मित्राचा मित्र मित्र, असं करत करत एका मोसमात नकाशावरचे सगळेच मित्र होतात आणि लढायला कुणी उरत नाही. मग कंटाळा घालवायला एक जण कुणाला तरी फितवतो आणि गिल्डचा निम्मा खजिना घेऊन रात्रीत पलीकडे जातो. तिथे त्याचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत होतं. महाराष्ट्रात राहून यापुढचं मी समजावत बसत नाही.

आणि खेळ बनवणारे? ते सतत काम करत असतात, त्यांच्यावर शंका नको. दर अपडेटमध्ये लॅगवर ‘काही सुधारणा’ होतात आणि दुकानात नवे पंख येतात. पंखांचं वर्णन सविस्तर असतं.

एवढं ऐकूनही यायचं असेल तर रविवारी सकाळी मिसळीला या. आमच्या गिल्डचे चौघे नाशिकचे आहेत, निदान जिल्ह्यातले: एक सिडकोचा, एक देवळालीचा, एक सिन्नरचा आणि मी. त्या डिसेंबरातल्या रात्रीनंतरही जमलो होतो. काळ्या रश्श्याची वाटी पुढ्यात, पापड मोडलेला, डोळे तांबडे. देवळालीवाला सांगत होता, त्यानं बुरुजावरून एकट्यानं सात जण पाडले. सिडकोवाल्याचं म्हणणं, बुरुज तर पहिल्या पाच मिनिटांत कोसळला होता, मग हा उभा कशावर होता? दोघांनी मोबाइल काढले, रेकॉर्डिंग लावलं. एकात बुरुज होता, एकात नव्हता. मी माझी पिसं दाखवली. त्यावर वाद आणखी वाढला.

सिन्नरवाला इतका वेळ गप्प पाव बुडवत होता. त्याच्याकडे दरवाजा फुटायच्या आधीच स्क्रीन गोठली होती. वीस मिनिटं बुरुजावर आपलाच झेंडा दिसला, तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला आणि शांत झोपला. आमच्यात त्याचाच चेहरा तेवढा ताजा होता.

“पण किल्ला राहिला ना आपल्याकडे?” त्यानं विचारलं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“राहिला तर,” देवळालीवाला म्हणाला. “तू रस्सा घे अजून.”