पुढे चालू

माझी पहिली कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः छापून येणार, हे कळल्यावर बहुतेक नातेवाईक एकच वाक्य बोलले. "वा! पुस्तक झालं की एकदमच वाचू, एक प्रत ठेव हं आमच्यासाठी." म्हणजे आत्ता वाचणार नाही आणि नंतर विकत घेणार नाही. ही मंडळी निरुपद्रवी. त्रास आहे तो वाचणाऱ्यांचा.

कादंबरी पानशेतच्या पुरावर आहे. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचंही गेलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. एवढं सगळं गावातच घडून गेलेलं असताना कथानक शोधायला लांब कशाला जायचं, असा माझा हिशेब. पण पुण्यात पुरावर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात शिरून देवांच्या जागा बदलणं. नारायण पेठेत, शनिवारात, कसब्यात ज्या घराला पाणी लागलं, त्या घराकडे स्वतःचा एक पूर आहे आणि तो घासूनपुसून ठेवलेला आहे.

"तुम्ही पूर पाहिलात का हो?" फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला.

"नाही, माझा जन्म नंतरचा."

"तरीच."

या 'तरीच'नंतर पलीकडचे गृहस्थ त्यांचा पूर सुरू करतात. माझ्या नायिकेचं ठरलेलं लग्न मोडलं, ती भर पावसात घराबाहेर पडली, याबद्दल चकार शब्द नाही. त्यांच्या आजीचं तांब्याचं घंगाळ कुठल्या बोळातून कुठल्या बोळात गेलं, हे मात्र अर्धा तास. एकाच वाड्यातल्या दोन भावांनी मला वेगवेगळे फोन केले. थोरले म्हणाले, पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत होतं. धाकट्यांच्या मते ते थेट माडीच्या कठड्याला टेकलं होतं. पुढच्या भागात मी 'पाणी जिना चढू लागलं' असं मोघम लिहिलं, तर दोघांनीही मला समोरच्या पार्टीचा माणूस ठरवलं. तो वाडा सध्या बिल्डरकडे जायचा आहे, असं नंतर कळलं. कुणाची खोली किती बुडाली होती यावर वाटणीचं काही अडलेलं असावं, असा माझा आपला संशय.

घरी तर लेखकाला थाराच नाही. कादंबरीतल्या सासूबाई सुनेच्या हातचा चहा पिऊन "बरा आहे" म्हणतात. आईने विचारलं, "ही मी का?" नाही म्हटलं, तर म्हणाली, "मग कोण? तुला दुसरी सासू माहितीच कुठली आहे?" बायको शेजारीच होती. तिची तक्रार त्याच चहाची. "त्यात आलं घातलंय. मी कधी आलं घालते?" दोघींचं इतकं एकमत लग्नानंतर मी प्रथमच पाहिलं.

संपादकांना चंद्र हवा होता. पुराच्या रात्री नायक-नायिका गच्चीवर अडकलेले, गावात वीज नाही, मग वर चंद्र का नको? मी पंचांग पाहून ठेवलं होतं. त्या दिवशी अमावास्या होती. "वाचक काय पंचांग घेऊन बसतो का?" संपादक म्हणाले. ते मुंबईहून आलेले आहेत.

पुण्यातला वाचक पंचांग घेऊनच बसतो. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांचं दर भागाला पोस्टकार्ड येतं. पहिलं असं : 'दिनांक 12 जुलै 1961 रोजी बुधवार होता, हे आपण बरोबर लिहिले आहे. याबद्दल अभिनंदन करण्याचे कारण दिसत नाही, कारण ते आपले कर्तव्यच आहे.' खाली ह्रस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या, पान आणि ओळ देऊन. मी ते कार्ड जपून ठेवलंय, कारण त्याहून मोठी स्तुती मला अजून मिळालेली नाही. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं 1879 मध्ये, पाव आण्याला. हरिभाऊ आपट्यांनी इथेच 'करमणूक' साप्ताहिक काढून त्यात कादंबऱ्या क्रमशः छापायला घेतल्या त्या 1890 पासून. म्हणजे वाचकांच्या हातात हत्यार आधी आलं आणि लेखक मागाहून. हरिभाऊंनी कसं सोसलं असेल, देव जाणे.

पण कळस केला तो आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी. नायिकेचे आजोबा, म्हणजे आप्पा, मी पुरात वाहून नेले. गोष्टीला गरज होती. शनिवारी अंक आला आणि संध्याकाळी काकू दारात.

"आप्पांना का मारलंस?"

"काकू, पूर आहे. कुणीतरी जाणारच."

"आमचे मामंजी माळ्यावर बसून राहिले होते. वाचले की! तुझ्या आप्पांना माळा नव्हता?"

कोजागरीचं मसाला दूध त्या वर्षी आमच्या मजल्यावर आलं नाही. भाजीवालीनेही विचारलं, "म्हातारबाबाला बुडवलंत म्हणे?" कॉनन डॉईलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात घालवलं आणि वाचक हटेनात म्हणून 1903 मध्ये जिवंत परत आणलं. त्याला दहा वर्षं मिळाली. मला मंगळवारपर्यंत मजकूर द्यायचा होता.

तर आप्पा परत आले. पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका शाळेत, बाकावर बसलेले, नायिकेला सापडले. संपादकांचे डोळे पाणावले म्हणे. काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "इतके दिवस शाळेत होते, मग चित्रात दाढी कशी गुळगुळीत?"

आठवड्याने पोस्टकार्ड आलं : 'आप्पांचे पुनरागमन वाचले. मागील भागात त्यांच्या दिवसांसाठी गुरुजींना पाच रुपये आगाऊ दिल्याचा उल्लेख आहे. ते परत मिळाले किंवा कसे, याचा खुलासा पुढील भागी करावा.'