पणजोबांच्या दोन बायका आणि खारघरचा भाडेकरार

"लग्न म्हणजे काय, हे आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी ठरलंय. कोर्टानं ते बदलू नये आणि परदेशात बसलेल्यांनी आम्हाला शिकवू नये." नौपाड्यातल्या आमच्या काकांनी गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समलिंगी लग्नाबद्दल हे लिहिलं. दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं. मी १४ वर्षं डब्लिनमध्ये राहते. मतदानाला ठाण्यात येत नाही, सोसायटीच्या मीटिंगला बसत नाही. तिथल्या निर्णयांची झळ मला लागत नाही, हा काकांचा आक्षेप मला मान्य आहे. पहिलं वाक्य मात्र मान्य नाही. त्याचं उत्तर शोधायला आयर्लंडला जावं लागत नाही, ते आमच्याच घरात आहे.

काकांच्या आजोबांना दोन बायका होत्या. दोघी एकाच घरात नांदल्या आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. थोरली आठव्या वर्षी बोहल्यावर चढली होती. मुलगी किमान १४ वर्षांची हवी, असं सांगणारा शारदा कायदा १९२९ साली झाला, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली ती १९४६ साली. त्याही आधी, १८८७ मध्ये, मुंबई हायकोर्टानं रखमाबाईंना बजावलं होतं: लहानपणी ज्याच्याशी लग्न लावून दिलं त्याच्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या. मुलीची संमती ही लग्नातली आवश्यक गोष्ट आहे, हे म्हणणं त्या काळी पुण्या-मुंबईच्या किती शिकल्यासवरल्या माणसांना संस्कृतीवरचा घाला वाटत होतं! काकांनी मात्र स्वतःच्या मुलीला स्थळ पसंत आहे का, असं तीनदा विचारलं होतं. मी त्या खोलीत होते.

म्हणजे चार पिढ्यांत आमच्या घरातलं लग्न पार बदललं. आणि प्रत्येक पिढीला वाटत राहिलं, की आपण पाहतोय तेच सनातन.

आयर्लंडबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, की ही गोरी माणसं, यांना कशाचंच काही वाटत नाही. इथे १९३७ च्या राज्यघटनेनंच घटस्फोटाला बंदी घातली होती. ती १९९५ च्या सार्वमतात उठली, तीही जेमतेम नऊ हजार मतांनी. सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की तिनं नोकरी सोडायची, हा नियम १९७३ पर्यंत होता. लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलींना घरच्यांनी, चर्चनं आणि सरकारनं मिळून संस्थांमध्ये ठेवलं, त्यांची मुलं काढून घेतली. देशाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. लग्नाचं पावित्र्य जपायच्या नावाखाली हे सगळं झालं.

माझ्या शेजारच्या आजी ऐंशी पार केलेल्या आहेत. लग्न झालं म्हणून त्यांनी टपाल खात्यातली नोकरी सोडली. १९९५ ला त्यांनी घटस्फोटाच्या विरोधात मत दिलं. मग स्वतःच्या मुलीचा संसार मोडलेला पाहिला. २०१५ मध्ये समलिंगी लग्नावर सार्वमत झालं, तेव्हा त्यांचा नातू दोन संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःबद्दल बोलला. आजींनी बाजूनं मत दिलं. त्या आजही दर रविवारी चर्चला जातात. त्या वर्षी माणसं दारोदार फिरून बोलत होती, परदेशात गेलेली तरुण मुलं नुसतं मत द्यायला विमानानं घरी आली होती. ६२ टक्के लोक 'हो' म्हणाले.

मला आपल्याकडे हेच कमी दिसतं. आपण सगळं कोर्टावर सोडलंय. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं आणि तो विषय संसदेचा आहे असं सांगितलं. दोन्ही वेळा टीव्हीवर आरडाओरडा झाला, पण जेवणाच्या ताटावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

स्त्री-पुरुषांच्या लग्नातही हेच. माझी मामेबहीण ठाण्याची, तिचा नवरा वसईचा ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारा. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात, कुणीही हरकत घेऊ शकतो. वसई आता पालघर जिल्ह्यात, म्हणून नोटीस तिकडेही गेली. बाराव्या दिवशी एका अनोळखी माणसानं मामाला फोन केला: "तुमची मुलगी काय करतेय, माहीत आहे का?" मामाला माहीत होतं, तो साक्षीदार म्हणून सही करणार होता! तरी तो उरलेले १८ दिवस नीट झोपला नाही. एकाच धर्मात आणि विधिपूर्वक लग्न केलं असतं, तर ही नोटीस लागलीच नसती. हे अन्यायाचं आहे.

काकांना एक आठवण करून देते. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा ग्रुपवर पहिलं कात्रण त्यांनीच टाकलं होतं. "आपल्या मालवणच्या वराडचा मुलगा!" त्या मुलानं दोनच वर्षांपूर्वी, मंत्री असताना, आपण समलिंगी आहोत हे रेडिओवर सांगितलं होतं. कात्रणात तेही छापलेलं होतं. काकांचा अभिमान कमी झाला नाही. मग तीच माया खारघरपर्यंत का पोचत नाही?

खारघरला माझ्या दोन मैत्रिणी सहा वर्षं एकत्र राहतात. त्यांना विचारूनच लिहिते आहे. पहिल्या दोन सोसायट्यांनी नकार दिला. तिसरीकडे त्यांनी मावसबहिणी आहोत असं सांगितलं आणि घर मिळालं. शेजारणी फराळाची ताटं देतात, गणपतीच्या आरतीला हाक मारतात. एवढ्या आपुलकीत राहूनही दर ११ महिन्यांनी, करार संपला की, त्या पुन्हा तीच खोटी गोष्ट लिहून सही करतात. २०२४ मध्ये केंद्रानं सांगितलं, की अशा जोडप्यांना बँकेत एकत्र खातं काढता येईल. त्यांनी ते काढलं, आणि खोटं न बोलता सही केलेला तो पहिलाच कागद होता, असं धाकटी म्हणाली.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. सोसायटीच्या फॉर्मवर 'एकमेकींशी नातं' असा एक रकाना आहे. या वेळी तिथे काय लिहायचं, हे तिनं मला परवा फोनवर विचारलं. मी इतक्या लांबून काय सांगणार होते? हाच प्रश्न काकांनी एकदा त्या दोघींच्या घरी चहाला जाऊन ऐकावा, म्हणून हे लिहिलं. पत्ता मी ग्रुपवर टाकणार नाही, त्यांना वेगळा फोन करून देईन.