रिंग नाही दादा, क्रँक सील (कमेंटला उत्तर)

दादा, नमस्कार. जुन्या चेतक स्कूटरचं क्रँक सील (फिरत्या क्रँकभोवतीचं रबरी कडं) गेलं की धूर येतो, ते बदलावं लागतं, असं मी लिहिलं त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की धूर म्हणजे रिंग गेल्या, सीलचं खूळ काढून मी लोकांचे पैसे घालवतोय, गिअरबॉक्समध्ये जाड ऑइल घातलं की भागतं, आणि तुमच्या गाडीला नवीन सील टाकूनही पावसाळा संपेपर्यंत परत धूर सुरू झाला.

पिस्टनच्या रिंगचं आधी. बुलेटला, कारला तुमचं बरोबर आहे, तिथे खाली साठवलेलं ऑइल झिजलेल्या रिंगांमधून वर चढतं. ही जुनी चेतक टू-स्ट्रोक आहे हो, पिस्टनखाली ऑइलचा साठा असतोच कुठे, जे काय येतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं. रिंग झिजल्या तर कॉम्प्रेशन जाईल, डबलसीट पणजीची आल्तिनो टेकडी चढताना गाडी रडेल, पण पांढऱ्या धुराचे लोट नाही येणार. ते येतात एकतर २ टक्क्यांच्या जागी आपण हात सैल सोडून ऑइल ओततो तेव्हा, नाहीतर क्रँकच्या दोन सीलांपैकी क्लच साईडचं गेलं की. क्रँककेस (क्रँक फिरतो ती पेटी) प्रत्येक फेरीला ओढ घेते, सीलची लिप (आतली कड) कडक झाली असेल तर शेजारचं गिअर ऑइल आत खेचलं जातं आणि जळतं, म्हणून गाडीखाली एक थेंब दिसत नाही आणि चोडणच्या फेरीबोटीवर मात्र शेजारचे नाक दाबून उभे. खात्री करायची तर गिअर ऑइल काढून मोजा, २५० मिली भरतो आपण, निम्मंच निघालं तर बाकीचं कुठे गेलं? त्याला पेट्रोलचा वास आला तर विषय संपला.

जाड ऑइल नको. क्लच त्याच ऑइलात भिजतो, तो नीट सुटत नाही मग आणि सकाळी पहिला गिअर टाकला की गाडी उडी मारते. ओढ तर तशीच राहते.

आता तुमचं परत गेलेलं सील. त्यावरून सील बदलणं चुकीचं असं नाही ठरत, सीलला खातंय कोण ते बघायचं राहून गेलं असणार. क्लच साईडला हाफ (इंजिन केसचे दोन अर्धे भाग) खोलावेच लागतात, मग तेव्हा क्रँकवर जिथे लिप फिरते तिथे नख फिरवून बघितलं का कुणी? नख अडकलं म्हणजे चर पडलाय, तिथे कितीही महागडं सील टाका, टिकणार नाही. दुसरं बेअरिंग. प्ले (ढिलेपणा) असला की क्रँक डुलतो आणि सील काही त्याच्या मागे धावत नाही, म्हणून हाफ खोलले की दोन्ही बेअरिंग नवीन टाका असं मी लिहिलं होतं, तेच तुम्हाला फालतू खर्च वाटला. आणि हातोडीने एका बाजूने ठोकून वाकडं बसवलेलं, लिपला ऑइलचं बोट न लावता कोरडं घातलेलं, असली सीलं मी बरीच पाहिलीत. रबराचाही प्रश्न आहे, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं जुन्या रबराचं सील त्याच्यासाठी बनलेलंच नाही. व्हिटॉनचं (इंधन सोसणारं रबर) मागा, रंगावर जाऊ नका, पाकिटावर वाचून घ्या.

दुसरं, मॅग्नेट साईडचं सील मात्र घरी बदलता येतं, तिथे मी ठाम आहे. ते गेलं की हवा आत घुसते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेसच राहतं, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून फिरवून माणूस वेडा होतो. तसंच चोर्ला घाटात नेलंत तर पिस्टन सीझ होऊ शकतो, इतकं ते कोरडं आणि गरम चालतं. पुलरने मॅग्नेट काढा, हाफमून की (अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी) हरवू नका, कॉइल प्लेट सोडवण्याआधी तिच्यावर आणि केसवर खूण करा नाहीतर टायमिंग बोंबलेल, जुनं सील काढताना बसायच्या जागेवर ओरखडा नको, नवीन सील त्याच्या मापाच्या गोटीने (पान्याच्या सॉकेटने) सरळ दाबा.

क्लच साईडला गॅरेज लागेलच. फक्त चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधल्या आठवड्यात गाडी टाकू नका, तेव्हा सगळ्यांना गाडी उद्याच हवी असते आणि क्रँकवर नख फिरवायला कुणाला वेळ नसतो.