६४ मिलिमीटरचा निर्विवाद प्रदेश

रोड बाईकच्या तिरक्या नळीवर बाटलीचा होल्डर बसवण्यासाठी जी दोन भोके असतात, त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ६४ मिलिमीटर असते. सायकल तैवानमध्ये घडलेली असो, इटलीत असो अथवा लुधियान्यात, आणि होल्डर ॲल्युमिनियमचा असो की प्लास्टिकचा, हे अंतर सहसा बदलत नाही. त्या भोकांत जाणारा बोल्टही बहुतेक ठिकाणी तोच, ५ मिलिमीटर जाडीचा, आणि तो फिरवणारी एलन-की बहुधा ४ नंबरची. दोन राज्यांमधली एक रेषा नेमकी कुठून जावी, यावर ज्या प्रदेशात १९५६ पासून एकमत झालेले नाही, तिथल्या माणसाला जगाची ही एकवाक्यता पाहून गहिवरून आले, तर त्यात नवल नाही. इतके निर्विवाद काम रविवारी सकाळी चहाच्या आधी उरकावे, असे मी ठरवले.

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात आणि समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा त्या नावाला बऱ्यापैकी जागते. सायकलस्वाराची मात्र ती फसवणूक करते. टिळकवाडीहून निघालेल्या माणसाला सकाळच्या गारव्यात घाम आल्याचे कळत नाही आणि येळ्ळूर मागे टाकून राजहंसगडाचा चढ सुरू झाला, की जीभ एकाएकी टाळूला चिकटते. पाठीवर सॅक घ्यावी तर चढावर तिचे ओझे मानेवर येते. म्हणून होल्डर.

दुकानात गेल्यावर कळले, की पाणी वाहून नेण्याच्या या साध्या गोष्टीतही श्रीमंती आणि गरिबी आहे. दुकानातल्या मुलाने कार्बन फायबरचा होल्डर माझ्या तळहातावर ठेवून त्याचे वजन जेमतेम २५ ग्रॅम असल्याचे सांगितले आणि ॲल्युमिनियमचा घेतला तर उगाच जास्त वजन चढावर न्यावे लागेल, असा काळजीचा इशाराही दिला. ज्या होल्डरमध्ये मी पाऊण किलो पाणी घालणार होतो आणि जो होल्डर माझ्यासारख्या मध्यम वयाच्या, कुंदा या बेळगावी मिठाईवर श्रद्धा असलेल्या माणसाला वाहणाऱ्या सायकलवर बसणार होता, त्याच्या वजनाविषयी इतकी आस्था दाखवल्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि ॲल्युमिनियमचा घेतला. तो हाताने थोडा वाकवता येतो, हा त्याचा गुण पुढे उपयोगी पडला.

माझी सायकल दुसऱ्या हातची. इंजिनिअरिंगचे शिक्षण संपवून पुण्याला निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून ती घेतली होती. त्याने होल्डर कधी लावला नसावा, कारण भोकांत पाणी जाऊ नये म्हणून कारखान्यात घातलेले मूळचे बोल्ट अजून जागच्या जागी होते. वरचा बोल्ट मुकाट्याने बाहेर आला. खालचा फिरू लागला, आणि फिरतच राहिला. डावीकडे फिरवला तर बाहेर येईना, उजवीकडे फिरवला तर आत जाईना.

याचे कारण असे, की रोड बाईकच्या ॲल्युमिनियमच्या नळीची भिंत इतकी पातळ असते, की बोल्ट धरून ठेवतील असे आटे तिच्यात पाडता येत नाहीत. म्हणून भोकात आतून आटे असलेली एक छोटी टोपी बसवून ती खास हत्याराने ओढून चेपतात. तिचा मागचा भाग नळीच्या आत फुगतो, पुढची कड बाहेर अडते आणि टोपी तिथे कायमची घट्ट बसते, निदान तशी अपेक्षा असते. हिला रिव्हनट म्हणतात. पण लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमची नळी, वरून ठिबकणारा खारट घाम आणि बेळगावचा पावसाळा ही मंडळी काही वर्षे एकत्र राहिली, की बोल्ट आणि रिव्हनट यांचे असे सख्य जमते, की बोल्ट फिरवला तर रिव्हनटही नळी सोडून त्याच्याबरोबर फिरू लागतो. सबंध सायकलीत मालकाने स्वतः लावायचे म्हणून कंपनी जे दोन बोल्ट ठेवते, त्यांतला एक माझ्या हाती असा लागला.

व्हरांड्यात सायकल उलटी करून बसलेला माणूस ही आमच्या गल्लीत सार्वजनिक मालमत्ता समजली जाते. प्रथम आले शेजारचे काका. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून ते निवृत्त झाले असून गल्लीतल्या कोणत्याही धातूवर आपला पहिला हक्क आहे, असे त्यांचे मत आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एलन-की माझ्या हातातून घेतली, बोल्ट बराच वेळ गरागरा फिरवला आणि निदान केले, "आटे गेलेत की ओ." आटे गेलेले नाहीत, रिव्हनट सुटला आहे, हे मी नम्रपणे सांगितले. "तेच म्हणतोय मी," असे म्हणून ते फिरवतच राहिले. मग दूध घेऊन परतणाऱ्या एका गृहस्थांनी रॉकेल सोडायला सांगितले, समोरच्या काकूंनी घरातून खोबरेल तेलाची बाटली पाठवली आणि बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने मोबाईलमध्ये पाहून हा बोल्ट २ ते ३ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नये, अशी माहिती दिली. माहिती अचूक होती, पण बुडत्या माणसाला पोहण्याचे नियम वाचून दाखवावेत, तशा वेळी ती आली. कुणीतरी "वेल्डिंग करून टाका की ओ, कायमचं काम" असेही म्हणून गेले. त्यांचा चेहरा पाहता आला नाही, हे बरे झाले.

माझ्या पत्नीने दारातूनच विचारले, "अहो, केबल बांधायच्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत ना, त्यांनी आवळून टाका की." हा उपाय वाईट नव्हता, ज्या जुन्या सायकलींना अशी भोकेच नसतात, त्यांना होल्डर पट्ट्यांनीच बांधतात. पण जगाने मान्य केलेले ६४ मिलिमीटर माझ्या नळीवर उपलब्ध असताना पट्टी बांधणे मला शरणागतीसारखे वाटले.

सोमवारी सायकल उद्यमबागेत नेली. ज्या वसाहतीत शेडमागून शेड लेथ चालतात आणि पंपांचे व मोटारींचे सुटे भाग तयार होतात, तिथे ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जाण्याचा संकोच वाटत होता. एका छोट्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी मात्र सायकलकडे रुग्णाच्या नातेवाइकांना धीर येईल अशा गांभीर्याने पाहिले. नोज पक्कड लावून रिव्हनटची कड धरून पाहिली, ती निसटली. "आगतैत्री," म्हणजे होईल, असे ते स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणाले, आणि हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा घेऊन त्यांनी बोल्टच्या डोक्यासकट त्या कडेला एक बारीक खाच पाडली. कडेवरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हरचे टोक अडकवून टोपी धरली, दुसऱ्या हाताने पकडीने बोल्ट सोडवला आणि बोल्ट करकरत बाहेर आला. पुढचे काम तर पाहण्यासारखे होते. लांब बोल्टवर एक नट आणि दोन वायसर चढवून त्यांनी तो रिव्हनटमध्ये घातला, बोल्ट एलन-कीने स्थिर धरला आणि पान्ह्याने फक्त नट आवळत नेला. नट वायसरवर दाबला गेला, बोल्ट बाहेर ओढला गेला आणि त्याच्याबरोबर सैल झालेली टोपी नळीच्या आत पुन्हा चेपून घट्ट बसली. मग आट्यांना ग्रीस लावून त्यांनी स्टेनलेसचे नवे बोल्ट दिले आणि होल्डर बसवताना एलन-की अंगठा व एका बोटात धरून दाखवली. यापेक्षा जास्त जोर लावायचा नाही. बारावीच्या मुलाचे न्यूटन-मीटर त्या दोन बोटांत बरोबर मावत होते.

राहिला प्रश्न बाटलीचा. होल्डरची गोलाई साधारण ७४ मिलिमीटर जाडीच्या बाटलीसाठी असते, हे आमच्या घरातल्या कोणत्याच बाटलीला ठाऊक नव्हते. स्टीलची बाटली बारीक निघाली आणि खड्ड्यात अशी खडखडू लागली, की रस्त्यावरची कुत्री वळून पाहू लागली. काकांनी आरोग्यासाठी दिलेली तांब्याची बाटली नको इतकी जाड होती. शेवटी सायकलचीच ७५० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली आणली, तर तिचे डोके वरच्या आडव्या नळीला घासू लागले. माझी उंची बेताची, म्हणून सायकलही लहान मापाची. इथे ॲल्युमिनियमचा गुण कामाला आला. होल्डरचे तोंड किंचित बाजूला वाकवले, तेव्हा बाटली तिरकी ओढून काढता येऊ लागली.

मग राजहंसगड. मार्च २०२३ मध्ये तिथल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे काही दिवसांच्या अंतराने दोन पक्षांनी दोनदा अनावरण केले होते, तेव्हा त्या गडावर जाण्यासाठी एक बोल्ट दोनदा बसवावा लागला, याबद्दल मी तक्रार करणार नाही. तक्रार आहे ती माझ्या तहानेबद्दल. होल्डर उत्तम बसला होता, बाटली हलत नव्हती, आणि हाताशी पाणी आल्यामुळे मी दर चौकात ते पीत गेलो. चढ सुरू होण्याआधीच बाटली रिकामी झाली. पायथ्याच्या दुकानात पाणी मागितले, तर १ लिटरची सीलबंद बाटली मिळाली. ती होल्डरमध्ये अर्थातच बसेना. ७५० मिलिलिटर माझ्या बाटलीत ओतले आणि उरलेले २५० तिथेच उभ्याउभ्या पिऊ लागलो. दुकानदार माझी ही ओताओत दुःखाने पाहत होता. न राहवून तो म्हणाला, "कशाला ओ सर एवढा त्रास? थांबा, कॅरीबॅग देतो, हँडलला अडकवा की."